उंदीर धावतो, रक्त बोलतं

जिम लावली, घाम गाळला आणि ब्लड रिपोर्टमध्ये उमटली ठळक अक्षरं! घाबरू नका. व्यायामामुळे रक्तात काय उलथापालथ होते, याचं बरंचसं उत्तर लॅबमधल्या पांढऱ्या उंदरांनी आधीच देऊन ठेवलंय. आणि त्यात आपल्या रोजच्या ‘रॅट रेस’साठीही एक निरोप आहे.

शनिवारी जिमचा पहिला दिवस. ट्रेनर जोशात, तुम्हीही जोशात. स्क्वॉट्स, लंजेस, वर बेंच प्रेस. रविवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आणि सोमवारी सकाळी उपाशीपोटी कंपनीचं ॲन्युअल हेल्थ चेक-अप! दोन दिवसांनी ई-मेलवर रिपोर्ट येतो. शुगर ओके, कोलेस्टेरॉल ठीकठाक, पण एसजीओटी वाढलेलं, एसजीपीटीही वाढलेलं. शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. नेटवर शोधलं की पहिलंच उत्तर येतं, लिव्हरचा आजार. आता बोला! ज्याने वर्षभरात बिअरला हात लावला नाही, त्यालाही घाम फुटणार.

अशा वेळी लिव्हर बिचारं अनेकदा निर्दोष असतं. रक्तात दिसतो तो शनिवारचा स्क्वॉट. पण मग प्रश्न पडतो, की जो व्यायाम तब्येतीसाठी म्हणून केला, तोच रक्तात आजारासारखा का दिसतो? आणि किती व्यायाम म्हणजे औषध आणि किती म्हणजे नुसताच त्रास?

हा प्रश्न शास्त्रज्ञांना फार आधी पडला होता. त्यांनी तो विचारला उंदरांना.

उंदीरच का?

लॅबमधला पांढरा उंदीर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात रात्री खुडबुड करणारा पाहुणा नव्हे. विस्टार, स्प्राग-डॉली अशा त्याच्या खास जाती पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या असतात. विस्टार उंदरांचं घराणं सुरू झालं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये. या उंदरांचं खाणं ठरलेलं, झोप ठरलेली, वय माहीत. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यामुळे दोन महिन्यांचा ट्रेनिंग प्रोग्रॅम म्हणजे त्यांच्या आयुष्याचा चांगलाच मोठा तुकडा.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे उंदीर सबबी सांगत नाही. ‘आज मीटिंग होती’, ‘पाऊस होता’, ‘सोमवारपासून नक्की’ ही भानगडच नाही.

त्याला व्यायाम करायला लावायचे तीन प्रकार. एक, पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवायचं आणि वाटेल तेव्हा पळू द्यायचं. दोन, छोट्या ट्रेडमिलवर पळवायचं. तीन, पाण्याच्या टाकीत पोहायला लावायचं, कधी कधी शेपटीला वजन बांधून. मग शेपटीतून थोडंसं रक्त काढायचं आणि त्यात काय काय बदललं ते मोजायचं.

ट्रेडमिलच्या मागच्या टोकाला अनेकदा विजेचा हलका झटका देणारी जाळी असते. थांबलास की झटका! ही जाळी लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

१९३६ : एका पानाचं पत्र

‘स्ट्रेस’ हा शब्द आज आपण चहाइतका सहज वापरतो. त्याला आजचा अर्थ मिळवून देणारा माणूस म्हणजे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला हॅन्स सेल्ये. १९३६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याचं जेमतेम एका पानाचं पत्र छापून आलं. त्याने उंदरांना वेगवेगळ्या तऱ्हेने छळलं होतं. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला शस्त्रक्रियेची इजा केली, कुणाला औषधांचे जड डोस दिले. या यादीत आणखी एक प्रकार होता, अतिरेकी व्यायाम!

गंमत अशी, की कारण काहीही असो, शरीराचं उत्तर जवळपास एकच आलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी फुगल्या. प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसली. पोटात व्रण उठले. सेल्येने याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी धोक्याची घंटा, मग शरीराचं तग धरणं आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी कोसळणं.

म्हणजे शरीराच्या हिशेबात व्यायाम हा आधी एक स्ट्रेसच असतो. तो फायद्याचा ठरतो की तोट्याचा, हे त्यानंतर ठरतं.

रक्तात नेमकं होतं काय?

समजा उंदीर ट्रेडमिलवर चढला. पट्टा फिरायला लागला.

पहिल्या मिनिटांतच ॲड्रिनॅलिन उसळतं. लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं, चरबीचे साठेही मोकळे होतात. पगार झाल्यासारखी उधळण! पण उंदराला थकून पडेपर्यंत पळवलं, तर साठा रिता होतो आणि रक्तातली साखर घसरते.

त्यापाठोपाठ चढतं लॅक्टेट. जिममध्ये याचं नाव ‘लॅक्टिक ॲसिड’ आणि त्याच्यावर आरोप एकच, ‘यानेच अंग दुखतं’. हा आरोप खोटा आहे. लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून ओसरतं. अंग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं. जो आरोपी केव्हाच घरी गेला, त्याच्यावर खटला कसला चालवता? अमेरिकेतल्या बर्कलीचे जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकात ‘लॅक्टेट शटल’ची कल्पना मांडली. तिला बळ मिळालं ते उंदरांवरच्या प्रयोगांतून. लॅक्टेट हा कचरा नाही, ते इंधन आहे. एक स्नायू ते बनवतो आणि हृदय किंवा दुसरा स्नायू ते जाळतो.

मग चढतं स्ट्रेस हॉर्मोन. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. व्यायामादरम्यान ते वाढणं साहजिक आहे, कारण त्याचं कामच मुळी इंधन पुरवण्याचं. अडचण होते ती व्यायाम संपल्यावरही ते खाली यायला तयार नसतं तेव्हा.

सगळ्यात शेवटी, काही तासांनी आणि दिवसांनी, रक्तात येतात स्नायूंच्या आतली एन्झाइम्स. क्रिएटिन कायनेज म्हणजे सीके (काही रिपोर्टवर सीपीके), एलडीएच आणि आपलं ओळखीचं एसजीओटी. स्नायूंच्या पेशींना सूक्ष्म इजा झाली, की आतला माल झिरपून बाहेर येतो. सवय नसलेला व्यायाम असेल तर जास्तच झिरपतो. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला, तर मात्र सीके पहिल्याइतकं उसळत नाही. स्नायू पहिल्या फटक्यातून शिकलेले असतात!

शिकणं म्हणजे काय?

अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना काही आठवडे रोज ट्रेडमिलवर पळवलं, हळूहळू वेळ वाढवत. नंतर स्नायू तपासले, तर पेशींमधली वीजकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांची ऊर्जा बनवणारी क्षमता जवळपास दुप्पट झालेली! आज आपण ‘स्टॅमिना’ म्हणतो, त्याचा हा रासायनिक पुरावा.

१९८२ मध्ये बर्कलीच्याच एका टीमने उंदरांना पार थकेपर्यंत पळवलं. त्यांना स्नायूंत आणि लिव्हरमध्ये ‘फ्री रॅडिकल्स’ दोन-तीन पट वाढलेली दिसली. पेशींना टोचणारे हे रेणू. झालं! फ्री रॅडिकल्स वाईट, म्हणून ती मारणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या चांगल्या, असं सरळ गणित बाजाराने मांडलं. जिमच्या काउंटरवर डबे सजले.

पण गणित चुकलं. २००८ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी उंदरांचे दोन गट सारखेच पळवले. एका गटाला वर व्हिटॅमिन सीचे मोठे डोस दिले. नुसता व्यायाम करणाऱ्या उंदरांची दम टिकवून पळण्याची वेळ सुमारे १८७ टक्क्यांनी वाढली. व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांची फक्त २६.५ टक्क्यांनी! पुढच्याच वर्षी जर्मनीत तरुण पुरुषांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई देण्यात आलं. व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारतं, तो फायदा गोळ्या घेणाऱ्यांत दिसलाच नाही.

कारण सोपं आहे. फ्री रॅडिकल्स हीच स्नायूंना मिळालेली सूचना असते, की ‘बाबांनो, तयारी वाढवा’. आपण गोळीने ती सूचनाच पुसून टाकली, तर स्नायू शिकणार कुठून? आवळा-लिंबू खुशाल खा. मुद्दा आहे तो जड डोसच्या गोळ्यांचा, आणि तोही डॉक्टरांनी काही कारणाने त्या दिलेल्या नसतील तेव्हाचा.

चाक की पट्टा?

आता त्या विजेच्या जाळीकडे वळू.

पिंजऱ्यात चाक ठेवलं तर उंदीर स्वतःहून त्यावर चढतो आणि रात्रभरात काही किलोमीटर सहज पळतो. पिंजऱ्यात कंटाळल्यामुळे? तसंही नाही. नेदरलँड्सच्या लायडनमधल्या संशोधकांनी उघड्या निसर्गात चाकं ठेवून कॅमेरे लावले. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. रानातले मोकळे छोटे उंदीरही आपणहून चाकावर येऊन पळत होते! बेडूक आणि गोगलगायीसुद्धा हजेरी लावून गेल्या.

ट्रेडमिलवरची कथा वेगळी. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० मध्ये आठ आठवडे ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांचा हिशेब मांडला. व्यायामाचे फायदे मिळाले होते. पण ॲड्रिनल ग्रंथी फुगलेल्या आणि थायमस आक्रसलेली! म्हणजे सेल्येच्या १९३६ च्या उंदरांसारखीच लक्षणं. फिटनेस आणि क्रॉनिक स्ट्रेस, दोन्ही एकाच शरीरात.

२०११ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी मेंदूला पक्षाघातासारखी इजा झालेल्या उंदरांना वेगवेगळ्या पद्धतीने व्यायाम दिला. मेंदूच्या पेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन सर्वांत जास्त वाढलं, ते स्वखुशीने पळणाऱ्यांत. स्ट्रेस हॉर्मोन सर्वांत जास्त आढळलं, ते जबरदस्तीने पळवलेल्यांत.

मग निष्कर्ष एवढाच का, की मनाविरुद्ध व्यायाम करूच नये? थांबा, इतक्यात अलार्म बंद करू नका! २०१३ मध्ये कोलोरॅडोच्याच टीमने मोटरवर फिरणारी चाकं वापरली. म्हणजे पळण्याची सक्ती होती. पण चाकाची लय मात्र उंदराच्या नैसर्गिक सवयीसारखी, थोडं पळ, थोडं थांब, पुन्हा पळ. नंतर या उंदरांना तणावाच्या परीक्षेला बसवलं, तेव्हा ते स्वखुशीने पळणाऱ्यांइतकेच खंबीर निघाले. ट्रेडमिलवाल्यांना मात्र तो फायदा मिळाला नाही.

थोडक्यात काय, थोडीफार सक्ती चालते. सकाळी मित्राने ओढत टेकडीवर नेलं तर ॲड्रिनल फुगत नाही. घात करतो तो अखंड फिरणारा पट्टा, जिथे ना वेग आपल्या हातात, ना थांबणं. आणि त्यात वेळ चुकीची. उंदीर निशाचर, पण प्रयोग बहुधा दिवसा, माणसांच्या ऑफिस टायमिंगमध्ये होतात. म्हणजे भर झोपेत उठवून पळवल्यासारखं. रात्री अडीचला कॉल संपवून पहाटे साडेपाचच्या बूट कॅम्पला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दिवसाला चार शिफ्ट

२००९ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. विस्टार उंदरांना अकरा आठवडे ट्रेनिंग. पहिले आठ आठवडे व्यवस्थित, दिवसातून एकदा. नवव्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दहाव्यात तीनदा, अकराव्यात चारदा. आणि दोन सत्रांमधली विश्रांतीची वेळ कमी कमी होत गेलेली. ओळखीचं वाटतंय ना? क्वार्टर एंडला आपलंही असंच होतं.

शेवटी काही उंदरांची कामगिरी सुधारली. काहींची चक्क घसरली. ट्रेनिंग सगळ्यांना एकच, मालक एक, खुराक एक! तरीही एकाला जे पेललं, ते दुसऱ्याला झेपलं नाही. शेजारच्या डेस्कवरचा मित्र आठवड्यातून सहा दिवस क्रॉसफिट करून टवटवीत दिसतो, म्हणून तुम्हीही दिसाल याची गॅरंटी उंदीरसुद्धा देत नाहीत.

आणि इथे वाढवलेल्या श्रमांइतकीच महत्त्वाची आहे कापलेली विश्रांती. स्नायूंची डागडुजी, नवे मायटोकॉन्ड्रिया, स्ट्रेस हॉर्मोन जागेवर येणं, ही सगळी कामं व्यायाम थांबल्यानंतरची. विश्रांतीचा दिवस म्हणजे बुट्टी नव्हे. तो ट्रेनिंगचाच भाग आहे.

मग रिपोर्टचं काय?

उंदरांकडून आता माणसांकडे येऊ. २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पंधरा धडधाकट पुरुषांना तासभर वेट लिफ्टिंग करायला लावलं. हे सगळे वेट लिफ्टिंगला नवखे. पुढचे दिवस त्यांचं रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी, एलडीएच, सीके, सगळं वाढलेलं, आणि ते किमान सात दिवस तसंच राहिलं! लिव्हर ठणठणीत, पण रिपोर्ट बघून कुणालाही वाटावं की काहीतरी गडबड आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळंच ‘होतं असं’ म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. सवय नसताना एकदम अति केलं, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यातला मायोग्लोबिन हा घटक किडनीत जाऊन ती निकामी करू शकतो. या आजाराचं नाव रॅब्डोमायोलिसिस. २०१७ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची माहिती आली होती. तिघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच स्पिनिंगचा क्लास केला होता. लघवी कोलासारखी गडद झाली, अंग सुजलं, हात-पाय उचलवेनात, तर ‘नो पेन, नो गेन’ म्हणत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

चेक-अपच्या आधी

• रक्त द्यायच्या आधी आठवडाभर नवा किंवा जड व्यायाम सुरू करू नका. रोजचं चालणं चालेल.

• लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा, ‘मी गेल्या आठवड्यात असा-असा व्यायाम केलाय’. हे एक वाक्य पुढच्या अनेक टेस्ट वाचवू शकतं.

• एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं असेल तर सीके तपासायचं का आणि विश्रांतीनंतर टेस्ट पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच ‘व्यायामामुळे असेल’ म्हणून फाइल बंद करू नका. फॅटी लिव्हर आपल्या पिढीतही कमी नाही.

• नवा व्यायाम पहिल्या दिवशी ‘अजून जमलं असतं’ असं वाटतानाच थांबवा. स्नायूंना ओळख करून घ्यायला एक छोटी भेट पुरते.

• आठवड्यातले विश्रांतीचे दिवस कॅलेंडरवर मीटिंगसारखे ब्लॉक करा.

उंदराचंही थोडं

हे सगळं ज्ञान फुकट आलेलं नाही. ॲड्रिनल ग्रंथी किती फुगली हे पाहायला ती काढून वजन करावी लागते, आणि तो उंदीर परत पिंजऱ्यात जात नाही. १९५९ मध्ये इंग्लंडच्या रसेल आणि बर्च यांनी तीन सूत्रं मांडली : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास कमी करा. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे. शिवाय विजेचा झटका देऊन पळवलेल्या उंदराच्या रक्तात व्यायाम किती आणि झटक्याची भीती किती, हा प्रश्न विज्ञानालाही छळतो. त्याचा त्रास कमी केला तर उत्तरही जास्त खरं मिळतं.

उंदीर म्हणजे माणूस नाही, हे खरंच. त्याला घाम येत नाही, त्याची रात्र म्हणजे आपला दिवस आणि त्याचं हृदय मिनिटाला तीनशेहून जास्त ठोके देतं. त्यामुळे त्याचा आकडा जसाच्या तसा उचलून आपल्याला लावता येत नाही. पण एक फरक सगळ्यात मोठा आहे. ट्रेडमिलवरच्या उंदराला पट्टा बंद करता येत नाही. तुमच्या ट्रेडमिलवर मात्र समोरच एक लाल बटण असतं. अंग नको म्हणत असेल त्या दिवशी ते दाबा, घरी जा आणि आठ तास झोपा. तुमच्या रक्तात त्याचीही नोंद होते.